मुलगी म्हणते, मला जिऑलॉजीत एम.एस्सी. करायचंय!

आधी एक गोंधळ मिटवू या. जिऑलॉजी म्हणजे भूगोल नव्हे. झूऑलॉजी तर नव्हेच, तरी लग्नाच्या पंगतीत निम्म्या नातेवाइकांना तसंच ऐकू येतं आणि मग "अच्छा, प्राण्यांचं शिकतेस!" असं होतं. भूगोल सांगतो, डोंगर कुठे आहे आणि त्याच्या पायथ्याशी माणसं कशी राहतात. भूशास्त्र विचारतं, हा डोंगर झालाच कसा, किती वर्षांपूर्वी झाला, त्याच्या पोटात काय आहे आणि पुढच्या पावसाळ्यात तो खाली येणार आहे का. भूशास्त्र, भूविज्ञान, भूगर्भशास्त्र ही तिन्ही नावं एकाच विषयाची. विद्यापीठागणिक पाटी बदलते, एवढंच.

हे सांगायचं कारण म्हणजे इंदूरहून आलेलं एका ताईंचं पत्र. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र, गणित आणि जिऑलॉजी. आता तिला एम.एस्सी. जिऑलॉजीतच करायची आहे आणि जमलं तर पुढे संशोधनही. वडील म्हणतात, "दगड घेऊन काय करणार? रसायनशास्त्र कर, कारखान्यात तरी नोकरी लागेल." आजींना वेगळीच काळजी. मुलीची जात, रानावनात आणि खाणीत कशी फिरणार? ताई दोघांच्या मध्ये उभ्या आहेत, आणि अर्ज भरायचे दिवस जवळ आलेत. अशी पत्रं बडोद्याहून येतात, हैदराबादहून येतात, नागपूरहून तर हमखास येतात. म्हणून यावेळचं सदर या एकाच विषयावर.

वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो रास्त आहे. नुसती बी.एस्सी. जिऑलॉजी करून थांबलं तर हाताशी फार काही लागत नाही. या विषयातल्या बहुतेक चांगल्या जागांना पदव्युत्तर पदवी ही किमान अट असते. म्हणजे मुलीने एम.एस्सी.चा हट्ट धरला तो बरोबरच धरला आहे.

सगळ्यात मोठी वाट यूपीएससीची. आयएएसची परीक्षा सगळ्यांना माहीत असते, पण तीच यूपीएससी दरवर्षी 'कंबाइंड जिओ-सायंटिस्ट' नावाची परीक्षा घेते, हे घराघरांत माहीत नसतं. या परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे आपण ज्याला जीएसआय म्हणतो तिथे, गट 'अ'चे अधिकारी निवडले जातात. केंद्रीय भूजल मंडळातले जलभूवैज्ञानिकही इथूनच जातात. जीएसआय १८५१ साली सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या वैज्ञानिक संस्थांपैकी एक. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, मुख्य परीक्षा ६०० गुणांची, मुलाखत २०० गुणांची. जाहिरात साधारण सप्टेंबरात येते, पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत, मुख्य परीक्षा जूनमध्ये. वय २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. आयएएसला जितके लाखो बसतात त्याच्या पासंगालाही इथली गर्दी पुरत नाही. जागाही कमी असतात, हे खरं. पण स्पर्धा आपल्याच विषयातल्या मुलांशी असते.

दुसरी वाट 'गेट' परीक्षेची. त्यात जिऑलॉजी आणि जिओफिजिक्सचा स्वतंत्र पेपर आहे आणि गुण तीन वर्षं चालतात. कोल इंडिया, ओएनजीसी यांसारख्या सरकारी कंपन्यांनी त्यावरून भूवैज्ञानिक घेतलेले आहेत. याशिवाय मँगनीज काढणारी मॉईल, खनिज शोधणारी एमईसीएल, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि भारतीय खाण ब्यूरो या चौघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. जीएसआयच्या मध्य विभागाचंही मुख्यालय तिथेच. संत्र्यांमुळे नागपूरचं हे दुसरं वैभव झाकलं गेलंय.

खासगी क्षेत्रातही काम आहे. बोगदे, मेट्रो, धरणं, घाटरस्ते यांच्या आधी कोणीतरी दगड तपासावा लागतो. लिथियमसारख्या खनिजांमुळे हा विषय आता बातम्यांतही येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा मोबाइलवर केवढी धमाल उडाली होती! देश श्रीमंत झालाच, असे मेसेज फिरले. भूशास्त्र शिकलेली मुलगी घरात असती तर तिने सांगितलं असतं, बाबा, हा 'अनुमानित' साठा आहे. म्हणजे अजून बरीच भोकं पाडायची आहेत, नमुने तपासायचे आहेत, काढायला परवडतं का ते बघायचं आहे. अंदाज आणि खाण यांच्या मधलं ते सगळं काम करणारी माणसं म्हणजेच भूवैज्ञानिक.

आता दगडांचं काय करणार, याचं खरं उत्तर. माझ्या मते ते नोकऱ्यांच्या यादीत नाही.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्यातलं माळीण. सकाळच्या वेळी डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. जुलै २०२३ मध्ये रायगडमधली इर्शाळवाडी, रात्रीच्या झोपेत. ३० जुलै २०२४ ला केरळमधलं वायनाड. कुठला उतार कधी सरकेल, हे तारखेसकट कोणी सांगू शकत नाही. पण कुठला उतार धोक्याचा आहे, हे दगडाची झीज, मातीची जाडी, भेगांची दिशा, पाण्याची वाट बघून सांगता येतं. त्याचे नकाशे करता येतात. जीएसआयने २०१४ साली दरडप्रवण भागांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे करण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. पण त्या प्रमाणात एखादी वाडी नकाशावर ठिपक्याएवढी असते. वाडीपर्यंत पोचायचं तर आणखी बारीक काम लागतं, आणि ते करायला माणसं लागतात.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, स्थिर जमीन, अशीच सगळ्यांची समजूत होती. त्यानंतर बरंच बदललं. देशाचा भूकंपप्रवण नकाशा २००२ मध्ये सुधारला गेला तेव्हा सगळ्यात कमी धोक्याचा 'झोन १' नकाशावरून काढूनच टाकला. आणि कोयना? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणातलं पाणी आणि भूकंप यांचा संबंध काय, हा प्रश्न जगभर अभ्यासला गेला. तो अजून सुटलेला नाही. त्यासाठी कराडला पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या खडकात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून आतला दगड बाहेर काढलाय. ही जगातल्या शास्त्रज्ञांना हेवा वाटावा अशी सोय आहे, आणि तिथे पोचायला साताऱ्याची एसटी पुरते.

मग एम.एस्सी.ची दोन वर्षं मुलं करतात काय? पहिल्या वर्षी पाया. खनिजं, स्फटिक, अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित खडक, जीवाश्म, खडकांना पडलेल्या घड्या आणि भ्रंश, भूरसायन. दुसऱ्या वर्षी उपयोगाकडे वळतात. खनिज साठे, भूजल, अभियांत्रिकी भूशास्त्र, उपग्रहांची छायाचित्रं आणि जीआयएस. शेवटी एक प्रबंध. पण कागदावरचा अभ्यासक्रम सगळीकडे थोडाफार असाच दिसतो. फरक पडतो तो दोन ठिकाणी, सूक्ष्मदर्शकाखाली आणि फिल्डवर.

सूक्ष्मदर्शकाचं जरा सविस्तर सांगते, कारण यातली मजा बाहेरच्यांना ठाऊक नसते. आपल्या घाटातला काळा दगड घ्या, ज्याचे पाटे-वरवंटे झाले, जाती झाली, देवळं झाली. त्याचा तुकडा कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि पावडर लावून घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीचा करायचा. आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. हाताने घासताना शेवटच्या मिनिटाला जरा जास्त दाब पडला की सगळा दगड पुसून जातो आणि नुसती काच उरते. प्रत्येक विद्यार्थ्याचं हे एकदा तरी होतंच. जमला तर मात्र तो काळा दगड काचेसारखा पारदर्शक होतो. ध्रुवित प्रकाशात धरला की त्यात पांढऱ्या-करड्या पट्ट्यापट्ट्यांच्या सळया दिसतात, ते प्लेजिओक्लेज. त्यांच्यामध्ये निळे, नारिंगी, पिवळे तुकडे, ते पायरॉक्झिन. पैठणीच्या पदराला लाजवील असं दृश्य असतं. आणि त्या सळयांच्या आकारावरून कळतं की लाव्हा भरभर थंड झाला की हळूहळू.

फिल्ड म्हणजे आठ-पंधरा दिवस सगळ्या वर्गाने एखाद्या भागात जाऊन राहायचं आणि चालत चालत नकाशा काढायचा. हातोडा, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, ब्रंटन होकायंत्र, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि वही. चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. एवढ्यासाठी बाटली. आमच्या पिढीचे मास्तर म्हणायचे, वही पावसात भिजली तरी वाचता आली पाहिजे, म्हणून पेन्सिलीने लिहा. आता फोनमध्ये सगळं असतं, तरी चांगले शिक्षक अजूनही पेन्सिलच मागतात.

आणि इथेच आजींच्या प्रश्नाकडे येते.

खाणीत स्त्रियांना बंदी होती, हे आजींना आठवतं ते खोटं नाही. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या खाणीत आणि रात्रपाळीला स्त्रियांना कामाला लावायला मनाई होती. २०१९ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ती सैल केली. तेव्हा जमिनीखाली सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर काम करायची मुभा स्त्रियांना मिळाली आणि उघड्या खाणीत रात्रपाळीचीही. त्यासाठी तिची लेखी संमती आणि किमान तिघींचा गट, अशी अट घातली गेली. म्हणजे 'मुलींना घेतच नाहीत' हे आता म्हणता येणार नाही.

आजींना अंटार्क्टिकाची गोष्टही सांगा. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेत पहिल्यांदाच दोन स्त्रिया होत्या. एक डॉ. आदिती पंत, नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या समुद्रविज्ञानातल्या संशोधक. दुसऱ्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापक. बर्फाच्या खंडावर शिरमाखर टेकड्यांमध्ये हातोडा घेऊन सुदीप्ताताईंनी खडकांचा अभ्यास केला. पुढे १९९१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी जे जमलं त्याच्यापुढे सागरची किंवा सांगलीची फिल्ड ट्रिप म्हणजे काय!

पण म्हणून काळजी करूच नका, असं मी म्हणणार नाही. काळजीचे खरे मुद्दे वेगळे आहेत आणि त्याबद्दल मुली घरी सहसा बोलत नाहीत. दिवसभर उघड्यावर काम, जवळपास स्वच्छतागृह नाही, म्हणून मुली पाणीच कमी पितात आणि मग उन्हात चक्कर येते. पाळीचे दिवस फिल्डमध्ये आले तर काय, हे कोणी आधी विचारत नाही. प्रवेश घ्यायच्या आधी विभागात जाऊन सरळ विचारा. फिल्डवर शिक्षिका सोबत असतात का? राहायची सोय कुठे करतात? प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी जवळ असते का? गेल्या वर्षी वर्गात मुली किती होत्या? आणि जमलं तर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी, शिक्षक समोर नसताना, बोलू द्या. जो विभाग या प्रश्नांनी अवघडतो त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करीन.

कुठे शिकायचं? आयआयटींमध्ये मुंबईला अप्लाइड जिऑलॉजी, खरगपूर, रुरकी, आणि धनबादची जुनी आयएसएम, जी आता आयआयटीच आहे. इथे जायचं तर 'जॅम' परीक्षा. फेब्रुवारीत असते, तीन तासांची, ६० प्रश्न, १०० गुण. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच दिवाळीची गडबड नि सत्र परीक्षा असल्याने दरवर्षी कित्येक जण तारीख चुकवतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. त्यात वाराणसीचं बनारस हिंदू विद्यापीठ येतं आणि इंदूरच्या ताईंना सोयीचं असं सागरचं डॉ. हरीसिंग गौर विद्यापीठही. सागरच्या भूशास्त्र विभागाची गंमत अशी की तो जीएसआयचे माजी संचालक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी निवृत्तीनंतर उभा केला. साहेबाला मायदेशी परतायचं सोडून बुंदेलखंडात मास्तरकी करावीशी वाटली!

राज्य विद्यापीठांकडे दुर्लक्ष करू नका. पुणे, नागपूर, गोवा, बडोद्याचं महाराजा सयाजीराव, हैदराबादचं उस्मानिया, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, अशा ठिकाणी विभाग जुने आहेत, फी आयआयटीच्या मानाने कमी आहे आणि आसपासचा खडक शिक्षकांच्या तळहातावर आहे. माझं मत विचाराल तर, आयआयटीत उपकरणं उत्तम मिळतात, पण फिल्डचा भरपूर सराव असलेलं चांगलं राज्य विद्यापीठ एखाद्या मुलीला जास्त घडवू शकतं. एक मात्र बघा. बहुतेक ठिकाणी एम.एस्सी.ला बी.एस्सी.त जिऑलॉजी विषय किती सत्रं होता याची अट असते आणि ती प्रत्येक संस्थेची वेगळी असते. या मुलीचा विषय तीन वर्षं आहे, त्यामुळे तिला अडचण नाही. नुसतं रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र केलेल्यांनी माहितीपत्रक नीट वाचावं. नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक फाटा आणलाय. चार वर्षांची पदवी केली तर पदव्युत्तर एका वर्षात, आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. प्रत्यक्षात मात्र फिल्डच्या विषयात दोन वर्षांची एम.एस्सी. टाळू नये, असंच मी सुचवीन.

विभाग बघायला गेलात तर पाटीवरच्या श्रेणीपेक्षा प्रयोगशाळेत डोकवा. पातळ काप करायचं यंत्र चालू आहे का, की त्यावर कापड झाकलंय? सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यामागे एक आहे की चौघांत एक? शिक्षकांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध गूगल स्कॉलरवर फोनवरूनही दिसतात. मोठी यंत्रं विभागात नसली तरी घाबरू नका. नमुने आयआयटी मुंबईतल्या सामायिक उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी पैसे भरून तपासून मिळतात.

आता संशोधन. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी सगळ्यात भक्कम आधार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. आपला विषय त्यात 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान' या नावाखाली येतो. त्यातून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. हे दर २०२३ पासूनचे. फेलोशिप न मिळता नुसती नेट झाली तरी आता ते गुण पीएच.डी.च्या प्रवेशाला धरतात. मुदत किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. भूशास्त्रात तीनात क्वचितच उरकतं, कारण पावसाळ्यात फिल्ड नाही आणि मे महिन्यात कातळावर उभं राहवत नाही. उरतात हिवाळे. पाच वर्षांची पीएच.डी. म्हणजे पाच हिवाळे, असा हिशोब धरा. फेलोशिप दरमहा वेळेवर पडतेच असंही नाही, म्हणून पहिल्या वर्षी घरून थोडा हात द्यायची तयारी ठेवा.

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. हे मी प्रत्येक शास्त्राबद्दल सांगते, पण इथे जास्तच, कारण गाइडबरोबर आठवडेच्या आठवडे प्रवास करायचा असतो. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, फिल्डचा खर्च प्रकल्पातून होतो की विद्यार्थ्याच्या खिशातून, हे विचारण्यात संकोच नको.

विद्यापीठाबाहेरच्या संस्थाही पीएच.डी.चे विद्यार्थी घेतात. हैदराबादची एनजीआरआय, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, जीवाश्मांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. चंद्र-मंगळाचं वेड असेल तर अहमदाबादची पीआरएल. चांद्रयान-३ च्या बग्गीने चंद्राची माती तपासली तेव्हा ते विश्लेषण तिथल्याच शास्त्रज्ञांनी केलं, आणि तेही शेवटी खडक ओळखण्याचंच काम होतं. बुलढाण्याचं लोणार सरोवर यासाठीच मोलाचं आहे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं इतकं चांगलं राहिलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, आणि मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसाल्टचाच.

परदेशाचा मोह होतोच. अमेरिकेतल्या अनेक भूशास्त्र विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल फी माफ आणि खर्चापुरतं मानधन मिळतं. बऱ्याच ठिकाणी जीआरईची अटही गेली आहे. तिथे अर्जाच्या आधी प्राध्यापकांना मेल लिहून, तुमच्याकडे जागा आहे का, असं विचारायची पद्धत आहे. मास्टर्सला मात्र बहुधा पैसे आपलेच, म्हणून कर्ज काढून मास्टर्सला जाण्यापेक्षा इथे एम.एस्सी. करून थेट पीएच.डी.ला जाणं शहाणपणाचं. आणि एक विरोधाभास सांगते. प्रिन्स्टन आणि बर्कलेच्या चमूंनी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात दख्खनच्या लाव्हाचं वय मोजून जे निबंध छापले, त्यांचे नमुने आपल्या पश्चिम घाटातले होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले ते उल्केने की या लाव्हाने, हा जगातला मोठा वाद. दोन्ही चमूंची लाव्हाच्या उद्रेकांच्या वेळेबद्दलची उत्तरं एकमेकांशी पूर्ण जुळली नाहीत, म्हणजे काम शिल्लक आहे. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा खडक. इंदूर त्याच्यावरच वसलंय. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत त्याच्या पोकळ्यांतून निघालेले निळे कॅव्हन्साइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेत, आणि खाणीवरचा ट्रकवाला ते खडीबरोबर भरून नेतो.

शेवटी पाण्याबद्दल, कारण शेती असलेल्या घरांना हे सगळ्यात जवळचं. आपल्या गावाकडे अजून पाणाड्या बोलावतात. हातावर नारळ उभा राहिला की तिथे बोअर. लागलं तर पाणाड्याचं नाव होतं, नाही लागलं तर आपलं नशीब. या बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते खडकात नव्हे, त्याच्या भेगांत, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या सांध्यात. शंभर भाग खडकातून दोन-तीन भाग पाणी मिळालं तरी पुष्कळ. जलभूवैज्ञानिक ओढ्याच्या काठावर आणि विहिरींच्या भिंतींत हे थर मोजतो, पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी बघतो, जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतो आणि मग सांगतो, इथे बोअर घेऊ नका, तिकडे बंधारा घाला. अखंड कातळावर घातलेल्या बंधाऱ्यात पाणी छान दिसतं, पण खाली मुरत नाही. महाराष्ट्रात यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिच्यातही भूवैज्ञानिकांची पदं असतात. एका कोरड्या बोअरला किती पैसे जातात, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगायला नको.

तर इंदूरच्या ताई, या आठवड्यात एवढं करा. मुलीच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिका एकत्र स्कॅन करून ठेवा. जॅम आणि सीयूईटी-पीजी, दोन्हींच्या अधिकृत संकेतस्थळांवर यंदाच्या तारखा बघून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. दोन्ही अर्ज भरा, एकावर विसंबू नका, आणि जवळच्या राज्य विद्यापीठाचा तिसरा अर्ज हाताशी असू द्या. वडिलांना सांगा, तिचं रसायनशास्त्र वाया जात नाही, भूरसायनात तेच लागतं. फिल्डसाठी हातोडा आणि होकायंत्र विभागातून मिळतं. घोट्यापर्यंतचे बूट मात्र आपले घ्यायचे, आणि ते फिल्डच्या महिनाभर आधीपासून घरात घालून चालायला लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतात.

बाकीच्यांनी पत्र लिहिताना मुला-मुलीचे बी.एस्सी.चे विषय, कितवं सत्र चालू आहे आणि राहायचं गाव, एवढं जरूर कळवा.